दवा, दारू आणि मायबोली : व्यसनमुक्तीच्या भाषेचा इतिहास

'दारू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि मूळ फारसीत त्याचा अर्थ 'औषध' असा आहे. मराठीतल्या 'दवादारू' या जोडशब्दात तो जुना अर्थ आजही शिल्लक आहे. आजाऱ्याची दवादारू केली असे म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे बाटली येत नाही. पुढे हाच शब्द बंदुकीच्या स्फोटक चूर्णाला लागला आणि त्यातून 'दारूगोळा' झाला. शेजारच्या कन्नडातही हेच घडलेले दिसते. तेथे 'मद्दू' म्हणजे औषध आणि 'मद्दुगुंडू' म्हणजे दारूगोळा. दोन भाषांनी, आपापल्या वाटेने जाऊन, औषध आणि स्फोटक यांना एकाच शब्दाच्या घरात राहायला दिले. मराठीने त्या घरात मद्यालाही जागा दिली, एवढेच काय ते वेगळे.

'व्यसन' शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ संकट, आपत्ती असा होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण 'व्यसनाधिकारिक' या नावाचे आहे. राजा, अमात्य, कोश, सैन्य अशा राज्यांगांवर कोसळणाऱ्या आपत्तींचा विचार त्यात येतो आणि राजाच्या आपत्तींत मद्यपान व द्यूत यांची गणना होते. मराठीत या शब्दाचा 'न सुटणारी वाईट सवय' एवढाच अर्थ उरला. कन्नडात मात्र 'व्यसन' म्हटले की दुःख, खेद हा अर्थही जिवंत आहे. 'अंमल' या अरबी शब्दाचे मराठीतले वर्तन आणखी बोलके आहे. सत्तेचाही अंमल आणि नशेचाही अंमलच! माणसावर दुसऱ्या कशाची तरी सत्ता चालते हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले होते.

वाचकांना वाटेल, व्यसनमुक्तीचा विषय आणि ही शब्दांची उठाठेव कशाला? त्याचे कारण एका अनुभवात आहे.

एका नोंदीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला, पस्तिशीचा एक गवंडी दारूपायी पार खचला होता. त्याच्या बायकोने आमच्या घरी येऊन विचारले, "भाऊ, तुम्ही कागदपत्राचं जाणता. कुठं न्यावं ह्यांना?" मी त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो. केंद्राचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. समुपदेशक तरुण, नम्र आणि कामाविषयी तळमळीचा होता. त्याला मराठी येत नव्हते, इतकेच. आमच्या गवंड्याला कन्नड येत होते. सिमेंटचा भाव, मजुरीचा हिशेब, बसची वेळ हे सारे तो कन्नडात उत्तम बोलत असे.

तीन आठवड्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या कागदावर 'सहकार्य करीत नाही, बोलत नाही' अशा अर्थाची नोंद होती. परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, "ते विचारतात तेव्हा कळतं सगळं. पण माझा थोरला भाऊ विहिरीत गेला, ते मी त्यांच्या भाषेत कसं सांगू? तेवढं कन्नड मला येत नाही."

बाजारापुरती भाषा येणे आणि रडण्यापुरती भाषा येणे यांत किती अंतर आहे, हे त्या दिवशी मला कळले. घरी आल्यावर तो महिनाभरात पुन्हा पिऊ लागला. पुढे कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्यावर दुसऱ्यांदा उपचार झाले. तेथे मराठी गटात बसून चौथ्या दिवशी त्याने भावाचे नाव घेतले. नंतरही एकदा त्याचा पाय घसरला, पण तो स्वतःहून परत गेला. आज तो कामावर जातो. पहिल्या केंद्राने त्याला औषध दिले होते, जेवण दिले होते, मायाही दिली होती. उपचाराचा जो भाग बोलण्यातून व्हायचा असतो तो मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि कागदावर दोष त्याच्या नावे लिहिला गेला.

या नोंदीमुळेच मी व्यसनमुक्तीचा इतिहास भाषेच्या अंगाने वाचू लागलो. तो आपणा साऱ्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांच्या कामाचा आहे, म्हणून येथे मांडतो.

सरकारची भाषा : परवाना आणि बंदी

इंग्रजी अमदानीत दारूचा प्रश्न प्रथम महसुलाचा प्रश्न म्हणून आला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे यांवर सरकारचे नियंत्रण घट्ट केले. 1892 च्या कायद्याने तर मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. दुकानांचे लिलाव, परवाने, अबकारी उत्पन्न अशी ती भाषा होती. पिणारा माणूस त्या भाषेत ग्राहक किंवा गुन्हेगार एवढाच होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 साली महात्मा फुले यांनी दारूदुकानांच्या वाढीला विरोध केला, तेव्हा प्रथमच त्या हिशेबात गोरगरिबांच्या संसाराचा रकाना घातला गेला. 1908 साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधन केले. पुढे गांधीजींनी दारूबंदीला राष्ट्रीय कार्यक्रमात स्थान दिले.

मुंबई प्रांतात 1937 साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यातील आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर यांनी 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 साली बंदी संपूर्ण राज्यभर लागू झाली. त्या वेळी बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातच होते. म्हणजे पुण्याचा आणि बेळगावचा दारूडा एकाच कायद्याखाली, एकाच 'परमिट'च्या भाषेत मोजला जात होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी आपल्यापासून कोणत्या संस्था, कोणत्या शाळा, कोणती कागदपत्रे दुरावली याची यादी सीमाभागात प्रत्येकाला पाठ आहे. त्या यादीत एक गोष्ट सहसा लिहिली जात नाही. दारूबंदी, अबकारी, सार्वजनिक आरोग्य, इस्पितळे हे सारे राज्यांच्या अखत्यारीतले विषय आहेत. म्हणून पुढे व्यसनमुक्तीची जी काही व्यवस्था उभी राहिली, ती राज्याराज्यांची, त्या त्या राज्याच्या राजभाषेत उभी राहिली.

परिणाम असा झाला, की महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस आज निरनिराळ्या कायद्यांखाली पितो आणि निरनिराळ्या भाषांत बरा होण्याचा प्रयत्न करतो. वडोदऱ्याचा मराठी माणूस 1 मे 1960 पासून दारूबंदीच्या राज्यात राहतो. तेथे पिणे हाच गुन्हा असल्याने आजार आधी लपवला जातो आणि मग सांगितला जातो. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली होता. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूपासून तेथे फेणी झाली, हुर्राक झाला. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. जे पेय घराच्या, सणाच्या आणि अभिमानाच्या भाषेत वावरते, त्याच्यापायी आपण बुडालो असे म्हणणे तेथे वेगळ्या अर्थाने कठीण जाते. हैदराबादेत निजामी काळापासून ताडी-शिंदीचा अबकारी महसूल मोठा होता. आज तेलंगणात ताडीत झोपेच्या गोळ्यांची भेसळ ही गंभीर समस्या आहे. कर्नाटकाने 1 जुलै 2007 पासून अरक बंद केला, परंतु इतर दारू राहिली.

माळव्याची अफू

इंदूर आणि ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी या इतिहासाला आणखी एक प्रकरण आहे, आणि त्यात मराठी सत्तेचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात होळकर, शिंदे आणि इतर संस्थानांच्या मुलखात माळव्याची अफू पिकत असे. ती मुंबई बंदरातून चीनला जाई. कंपनी सरकारने 1830 च्या सुमारास तिच्यावर परवाना-शुल्क बसवले. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीकडची चोरवाटही इंग्रजांच्या हाती आली. मुंबईच्या अनेक मोठ्या घराण्यांचे वैभव या व्यापारावर उभे राहिले. 1893 साली अफूविषयी शाही आयोग नेमला गेला. त्याने 1895 साली जो अहवाल दिला, त्यात हिंदुस्थानातील अफूसेवनाला सौम्यपणे पाहिले गेले. चीनकडे होणारी निर्यात 1913 साली थांबली. अफूचे पीक मात्र संपले नाही. मंदसौर-नीमच भागात आजही परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे.

अफू हा शब्द अरबी 'अफ्यून'वरून आला आणि त्याचे मूळ ग्रीकांपर्यंत जाते. ज्या पिकाच्या करातून एकेकाळी संस्थानांचे खजिने भरले, त्याच झाडाच्या चिकापासून पुढे हेरॉईन निघाले, आणि 1980 च्या दशकात त्याचे ओबडधोबड रूप 'ब्राऊन शुगर' या नावाने मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आले. मराठी रस्त्याने त्याला 'गर्द' हे नाव दिले. फारसीत गर्द म्हणजे धूळ. त्या धुळीत सापडलेल्याला 'गर्दुल्ला' म्हटले गेले. समाजाने नाव ठेवले, हिणवले आणि पुढे चालू लागला. उपचाराची भाषा तेव्हा जवळजवळ नव्हतीच.

बोलण्याने बरे करणारे

कायद्याच्या भाषेहून निराळा असा एक दुसरा प्रवाह याच काळात वाहत होता. तो बोलण्याचा होता.

गाडगेबाबांचे कीर्तन आठवावे. विद्वत्तेचा आव नाही, संस्कृत वचनांचा भार नाही. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि त्या उत्तरात त्यांचे कर्ज, त्यांची दारू, त्यांचा नवस त्यांनाच दाखवायचा. आजचा समुपदेशक ज्याला मुलाखतीचे तंत्र म्हणतो, त्याच्या फार जवळ जाणारी ही रीत होती. माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलेले त्याला बांधून ठेवते, उपदेश बांधून ठेवत नाही, हे बाबांना ठाऊक होते. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनातून आणि 'ग्रामगीते'तून व्यसनमुक्त गावाचे चित्र याच लोकभाषेत मांडले.

अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन येथे 1935 साली दोन मद्यपींनी एकमेकांशी बोलून स्वतःला सावरले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ जन्मली. त्या दोघांतला एक शेअर दलाल होता, दुसरा शल्यचिकित्सक. 1957 साली ही चळवळ भारतात आली. आरंभी तिचा वावर इंग्रजी जाणणाऱ्यांत होता. ती मराठीत आली तेव्हा तिच्या 'पायऱ्या' झाल्या, 'मद्यपाश' हा शब्द रुळला आणि गिरणगावातला कामगारही उभा राहून आपली कथा सांगू लागला. या चळवळीत वैद्य नाही, फी नाही, औषध नाही. जे आहे ते फक्त भाषेत आहे. म्हणून ज्या भाषेत गट नाही, त्या भाषेच्या माणसाला ही चळवळ असून नसल्यासारखी आहे.

याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत. त्यांच्या पुढाकाराने 1986 साली त्याच आवारात मुक्तांगण उभे राहिले. म्हणजे एका लेखमालेने विनोदी लेखकाला हलवले आणि त्यातून व्यसनमुक्ती केंद्र झाले. मराठी वाङ्मयाने समाजाला दिलेल्या देणग्यांची कधी मोजदाद झाली, तर ही पहिल्या काही नोंदींत असावी. तेथे बरे झालेले लोकच पुढे इतरांना धीर देऊ लागले. बायकांच्या गटाला 'सहचरी' हे नाव मिळाले. 'गर्दुल्ला' म्हणणाऱ्या भाषेनेच 'रुग्णमित्र' म्हणायला शिकावे, हे परिवर्तन लहान नाही.

हैदराबादेतल्या वाचकांना ठाऊक असलेली एक तेलुगू घटनाही येथे सांगितली पाहिजे. 1990 नंतर आंध्रच्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालली होती. नवसाक्षरांच्या तेलुगू वाचनपाठांत दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीची कथा होती. दुबागुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, ती आपलीच आहे हे ओळखले आणि 1992 साली अरकाच्या दुकानांवर चालून गेल्या. ती लाट राज्यभर पसरली आणि 1993 साली आंध्रात अरकावर बंदी आली. ज्या बायका कालपर्यंत निरक्षर होत्या, त्यांना आपल्या भाषेतला एक धडा पुरला. कर्नाटकात धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेतर्फे गावोगावी मद्यवर्जन शिबिरे भरतात आणि ती कन्नड गावांत परिणाम करतात, तेही याच कारणाने. कन्नड माणसाला कन्नडात बरे वाटते. आपण मराठीसाठी मागतो ते याहून वेगळे काही नाही.

गोव्याचा पुरावा

कोणी म्हणेल, हे सारे भावनेचे झाले. म्हणून गोव्यातील एका शास्त्रीय प्रयोगाचा दाखला देतो. 'संगत' ही संस्था तेथे 1996 पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांचा अभ्यास केला. एका गटाला नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला. दुसऱ्या गटाला त्याशिवाय संक्षिप्त समुपदेशन दिले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसोपचाराचे पदवीधरही नव्हते. ती स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष असे : तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के जण धोक्याच्या मर्यादेबाहेर आले होते, दुसऱ्या गटात 26 टक्के. आधीच्या चौदा दिवसांत एकदाही न प्यायलेले पहिल्या गटात 42 टक्के होते, दुसऱ्यात 18 टक्के.

या प्रयोगात भाषा वेगळी काढून मोजलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. गावच्या माणसाने गावच्या बोलीत शिस्तीने केलेले बोलणे हा उपचार आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही. ही गोष्ट गोव्यात होऊ शकते, तर खानापूर, निपाणी, बिदर किंवा भालकीत का होऊ नये?

गरज किती आहे हेही पाहावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 5.7 कोटी आहेत. दारूवर अवलंबून झालेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कोणता तरी उपचार मिळतो. बहुसंख्याकांच्या भाषेत ही स्थिती असेल, तर अल्पसंख्याक भाषकांची काय असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो

इतिहासात पहिल्यांदाच, कायद्याची भाषा आता रुग्णाच्या बाजूला थोडी झुकली आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांना मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतो. त्याच्या 22 व्या कलमानुसार रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आजार, उपचार व त्याचे दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ती माहिती त्यांना समजेल अशा भाषेत व स्वरूपात देणे बंधनकारक आहे. येथे राज्याची राजभाषा कोणती असा प्रश्नच येत नाही. रुग्णाला कळते ती भाषा, एवढेच कायदा पाहतो. हाच कायदा 95 व्या कलमात रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई करतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे 64-अ कलम, स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला विशिष्ट अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. आणि संविधानाच्या 350 व्या अनुच्छेदाने, आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. केंद्राविषयी तक्रार करायची तर ती मराठीत करता येते.

जवळचे केंद्र शोधताना

आता ज्याच्या घरात आज प्रश्न उभा आहे, त्याच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, घाईने दारू बंद करवू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडला पाहिजे, आणि त्यासाठी जे इस्पितळ सर्वांत जवळ तेच सर्वांत चांगले. येथे भाषेसाठी अडून बसू नये. शरीरातले विष उतरवण्याला भाषा लागत नाही, मन उतरवण्याला लागते.

दुसरी, सरकारी दारे माहीत असावीत. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हे पहिले दार. बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, गोवेकरांना बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, ग्वाल्हेरकरांना तेथील मानसिक आरोग्यशाला ही मोठी केंद्रे आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रेही अनेक जिल्ह्यांत आहेत. त्याच मंत्रालयाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी 14446 ही आहे. 2022 साली सुरू झालेली 'टेली-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर वीस भाषांत मिळते आणि त्यांत मराठी आहे. भाषा निवडण्याची सोय आहे, ती वापरावी. आपण कानडी मुलखातून किंवा हिंदी मुलखातून बोलतो म्हणून तीच भाषा निवडली पाहिजे असे नाही.

तिसरी, दाखल करण्यापूर्वी केंद्राला स्पष्ट प्रश्न विचारावेत. केंद्राची नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? गटचर्चा कोणत्या भाषेत चालते? मराठी बोलणारा समुपदेशक आहे का, नसल्यास आठवड्यातून एकदा तरी येऊ शकतो का? घरच्यांची बैठक कोणत्या भाषेत होते? संमतीचा कागद वाचून, समजावून सांगितला जातो का? दुभाषा लागलाच, तर तो बायको किंवा मूल नसावा. बायकोसमोर नवरा जे बोलू शकत नाही, ते तिच्याच तोंडून समुपदेशकाला कसे कळणार? यातले एखादे उत्तर नकारार्थी आले म्हणून केंद्र टाकाऊ ठरत नाही. पण ज्या केंद्राला हे प्रश्नच आवडत नाहीत, त्याच्यापासून दूर राहावे.

चौथी, केंद्रातून घरी आल्यानंतरचे वर्ष. खरी लढाई तेव्हाच असते. उपचार राज्याच्या सीमेपलीकडे घेतला तरी पाठपुरावा आपल्या गावात, आपल्या भाषेत हवा. त्याला शासनाची परवानगी लागत नाही. वाचनालयाची खोली, देवळाची ओसरी, तरुण मंडळाचे कार्यालय पुरते. आठवड्यातून एक संध्याकाळ, सावरलेली दोन माणसे आणि न हसता ऐकणारे चार कान.

सीमाभागातील मराठी संस्थांनी गेल्या सहा-सात दशकांत शाळा टिकवल्या, वाचनालये टिकवली, साहित्यसंमेलने भरवली. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु भाषेचा हक्क व्यासपीठावर जितका मोठ्याने मागितला, तितका इस्पितळाच्या खाटेजवळ मागितला नाही. दारूने घर बुडालेला माणूस मोर्चात येत नाही, म्हणून त्याचा प्रश्न ठरावात येत नाही. यापुढे प्रत्येक मराठी मंडळाने आपल्या जिल्ह्यातील व्यसनमुक्ती केंद्रांची यादी करून, कोठे मराठीत बोलता येते हे विचारून ती वाचनालयाच्या फलकावर लावावी. गोव्यात, इंदुरात, वडोदऱ्यात, हैदराबादेत हे काम एका महिन्यात होण्यासारखे आहे.

त्या गवंड्याच्या कागदावर 'बोलत नाही' असे लिहिले होते. तो बोलणारा होता. ऐकणाऱ्याची भाषा निराळी होती, एवढेच. अशी नोंद आपल्या जिल्ह्यातल्या आणखी किती कागदांवर असेल, ते शोधणे आता आपल्या हाती आहे.